बिल्ला मुलाचा, परीक्षा पालकांची

गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. आमच्या पेठेतील एक प्रतिष्ठित भुसार व्यापारी सायंकाळी आमच्या कचेरीत आले, आणि खुर्चीवर टेकण्यापूर्वीच त्यांनी खिशातून एक छायाचित्र व एक लिहिलेला कागद काढून आमच्या मेजावर ठेविला. छायाचित्रात स्काऊटचा गणवेश घातलेला, गळ्यात स्कार्फ बांधलेला सोळा वर्षांचा एक तरतरीत मुलगा होता. कागदावरील मजकुराचा आशय असा, की अमुक घराण्याचे कुलदीपक चिरंजीव अमुक यांनी आपल्या अलौकिक बुद्धिमत्तेच्या व अविश्रांत परिश्रमांच्या जोरावर स्काऊट चळवळीतील राष्ट्रपती पुरस्कार संपादन करून घराण्याची कीर्ती दिगंत पसरविली, याबद्दल त्यांचे सर्वत्र अभिनंदन होत आहे. शेठजी म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही लिहिणारे. आणखी दोन चांगले शब्द घाला. एकुलता एक मुलगा आहे."

बापाच्या डोळ्यांतील आनंद खोटा नव्हता. आम्ही लेखणी उचलली आणि सहज विचारले, "शेठजी, हा पुरस्कार मिळविण्याकरिता चिरंजीवांनी नेमके काय केले?" शेठजी थांबले. प्रमाणपत्र कोणाच्या सहीचे, समारंभास कोण कोण होते, फोटोस खर्च किती आला, हे सर्व त्यांस पाठ होते. परंतु मुलाने चार-पाच वर्षे काय केले, हे मात्र त्यांस सांगता येईना. आमच्या पेशात यास ऐकीव पुरावा म्हणतात, आणि तो सहसा ग्राह्य होत नाही. ज्या गोष्टीचा आपणांस एवढा अभिमान, ती गोष्टच आपणांस ठाऊक नसावी, ही अवस्था एकट्या शेठजींची नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ सुजाण पालकांची तीच आहे. किंबहुना एके काळी ती आमचीही होती, हे पुढे सांगूच. म्हणूनच आज या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हा पुरस्कार म्हणजे काय, ते पाहू. भारत स्काऊट्स अँड गाईड्स या संस्थेच्या पथकात दाखल झालेल्या मुलास प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय अशी तीन सोपाने क्रमाने चढावी लागतात. त्यानंतर राज्य पुरस्कार, आणि सर्वांच्या शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. या पायऱ्यांवर घोकंपट्टीचे काम फारसे नाही. दोन दोर एकमेकांस पक्के कसे जोडावे, खांबास दोरी कशी बांधावी, पाण्यात पडलेल्यास वर ओढण्याकरिता न आवळणारा फास कसा करावा, हे हाताने करून दाखवावयाचे असते. होकायंत्र व नकाशा यांच्या आधारे वाट काढावयाची, उघड्यावर चूल मांडून स्वतःचे अन्न स्वतः शिजवावयाचे, तंबू ठोकावयाचा, जखमेवर पट्टी बांधावयाची, आजाऱ्यास वाहून नेण्याकरिता दोन काठ्यांची डोली करावयाची, आणि समाजसेवेचे काही काम नेटाने तडीस न्यावयाचे. शेवटी चाचणी शिबिरात परक्या परीक्षकांपुढे हे सारे सिद्ध करावयाचे. या सर्वांस एक-दोन महिने नव्हे, तर वर्षे लागतात. ज्या वयात मुलास पाण्याचा पेलाही हातात आणून देण्याची आमच्या सुखवस्तू घरांत रीत आहे, त्या वयात तो स्वतःची पोळी दगडावर भाजून खातो. अशा मुलाचा अभिमान बापास वाटू नये तर कोणास वाटावा?

अभिमान वाटावा, परंतु कशाचा, एवढाच प्रश्न आहे. शेठजींशी बोलता बोलता एक गोष्ट बाहेर आली, ती मूळ मजकुरात नव्हती. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दुकानी पोती उतरविताना एका हमालाच्या तळहातात लोखंडी आकडा घुसला. रक्ताची धार लागली. कोणी हळद आणावयास धावला, कोणी नुसताच ओरडू लागला. शेठजींचे चिरंजीव शाळेतून नुकतेच आले होते. त्यांनी त्या हमालास धरून थेट दुकानाच्या पांढऱ्या गादीवर बसविले, स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरले, हात खांद्याच्या वर उचलून ठेवविला, रक्त थांबताच गळ्यातील स्कार्फ सोडून त्याची झोळी करून हात तीत अडकविला, आणि त्यास सरकारी दवाखान्यात नेऊन टाके पडेपर्यंत ते तेथे उभे राहिले. हे सांगताना शेठजींचा आवाज खाली आला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, खरे सांगतो. त्या रात्री मी त्यास शाबासकी दिली नाही. गादीवर हमाल कशास बसविलास आणि गादी कशास खराब केलीस, म्हणून रागावलो."

आम्ही म्हणालो, "शेठजी, तुमच्या कागदावरील सर्व विशेषणे खोडा आणि ही एवढी हकिकत लिहा. पुरस्कार याकरिताच आहे." शेठजींनी कागद घडी करून खिशात ठेविला. "माझ्या रागावण्याची गोष्ट पेठेत कशास वाचावयास देऊ?" असे म्हणून ते विचार करीतच गेले.

शेठजींस उपदेश करणे आम्हांस सोपे गेले. परंतु न्यायाच्या तराजूत स्वतःचेही माप पडले पाहिजे. आमच्या ज्येष्ठ चिरंजीवाच्या द्वितीय सोपानाच्या वेळची गोष्ट आहे. त्यास गावाबाहेर पायी प्रवास करून त्याचा वृत्तांत नोंदवहीत लिहावयाचा होता. रविवारी संध्याकाळी तो चिखलाने माखून परत आला आणि चार ओळी लिहून झोपी गेला. त्या चार ओळी आम्हांस फार दरिद्री वाटल्या. संपादकाचा मुलगा, आणि वृत्तांत असा? आम्ही दिवा लावून बसलो आणि दोन पाने मजकूर तयार केला. त्यात अरुणोदय होता, पक्ष्यांचा कलरव होता, आणि 'डाव्या हातास उगवत्या सूर्यनारायणाचे दर्शन घेत आम्ही मार्गक्रमण करू लागलो' असे एक सुरेख वाक्यही होते. मुलाने सकाळी ते निमूटपणे उतरून काढले.

त्याच्या शाळेतील स्काऊटमास्तरांनी नोंदवही वाचली आणि एकच प्रश्न विचारला: "उगवता सूर्य डाव्या हातास होता, म्हणजे तुम्ही कोणत्या दिशेने चालला होता?" मुलगा म्हणाला, "दक्षिणेस." नकाशावरील वाट तर उत्तरेस जात होती. वीस वर्षे दुसऱ्यांच्या साक्षीदारांची उलटतपासणी करणाऱ्या आमची जबानी अशी एका प्रश्नात कोसळली. मुलाने तेथल्या तेथे सांगितले, "हे बाबांनी लिहिले आहे." स्काऊटमास्तरांनी त्यास शिक्षा केली नाही की आम्हांस चिठ्ठी पाठविली नाही, पुढील रविवारी तीच वाट पुन्हा चालून ये, एवढेच सांगितले. त्या रात्री मुलगा आमच्याजवळ येऊन म्हणाला, "बाबा, मी खरे सांगितले. तुम्ही रागावलात का?" या प्रश्नास उत्तर देताना आम्हांस जितके अवघड गेले, तितके कोणत्याही न्यायाधीशापुढे गेलेले नाही. पुढील रविवारी त्याने पाच ओळी लिहिल्या. त्यांत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. आम्ही त्यांस हात लाविला नाही.

स्काऊटच्या नियमांत पहिला नियम विश्वासार्हतेचा आहे. पुढचे सर्व त्याच्या आधारावर उभे आहेत. मुलाच्या नोंदवहीत बापाने लिहिलेली एक ओळ हा पहिलाच नियम मोडते, आणि मोडावयास शिकविते कोण, तर ज्याच्याकडून त्याने तो पाळावयास शिकावयाचे तोच! आजकाल बाजारात तयार नोंदवह्या व तयार हस्तकामे मिळतात असे आम्ही ऐकतो. रेल्वेत स्काऊट-गाईडांकरिता राखीव जागांवर भरती होते, आणि महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जातही असा पुरस्कार शोभून दिसतो. त्यामुळे प्रमाणपत्रास व्यवहारात किंमत आली, यात वावगे काही नाही. परंतु ज्या मालास किंमत येते, त्यात भेसळही येते, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको. मुलाच्या हातून न झालेल्या कामावर मुलाचे नाव घालणे ही भेसळच होय, आणि ती करणारा दुकानदार नसून पालक असतो.

कोणी म्हणेल, एका शाळकरी वहीवरून एवढे काहूर कशास? त्यांस आम्ही या चळवळीच्या इतिहासाचे स्मरण देतो. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरविले, तेव्हा त्यात बड्या शाळांतील श्रीमंतांची मुले व कामकरी वर्गातील मुले मुद्दाम एकत्र ठेविली होती. १९०८ साली त्यांचा 'स्काउटिंग फॉर बॉईज' हा ग्रंथ निघाला आणि चळवळ जगभर पसरली. आमच्या देशात १९०९ साली बंगळूर येथे पहिले पथक निघाले. परंतु ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांकरिता. ज्यांचा हा देश, त्यांच्या मुलांस त्यात प्रवेश नव्हता! हा अन्याय निमूटपणे न सोसता ॲनी बेझंट यांनी अरुंडेल यांच्या साहाय्याने १९१६ साली मद्रास येथे हिंदी मुलांकरिता निराळी संस्था काढली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी १९१८ साली सेवा समिती स्काऊट असोसिएशन स्थापिली.

पुढे दरवाजे उघडले. परंतु मनातील अढी गेली नाही. १९३७ साली दिल्लीच्या जांबोरीस बेडन-पॉवेल येऊन गेले, आणि त्यानंतर हिंदी लोकांच्या शीलाविषयी त्यांनी असे अनुदार उद्गार काढले, की देशभर संताप उसळला. त्या उद्गारांची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. त्यांचा रोख एवढाच, की सचोटी व शब्दाची चाड या गुणांत हा समाज उणा आहे. चळवळीच्या या जनकाचे ऋण मान्य करूनही आम्ही म्हणतो, की तो आरोप अन्यायाचा होता. आमच्या पुढाऱ्यांनी त्यास नुसत्या निषेधाच्या ठरावांनी उत्तर दिले नाही. १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली, आणि हजारो हिंदी मुलांनी यात्रांतून, पुरांतून व साथींतून केलेल्या सेवेने ते उत्तर दिले. स्वातंत्र्यानंतर दोन्ही प्रवाह एकत्र आणण्याकरिता कुंझरू व बाजपेयी यांच्याबरोबर नागपूरच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विवियन बोस यांनीही परिश्रम केले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही एकच राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली.

परक्याने केलेल्या आरोपास ज्या चळवळीने असे उत्तर दिले, त्याच चळवळीच्या सर्वोच्च प्रमाणपत्रावर आमच्याच घरात खोटी ओळ लिहिली जावी, म्हणजे १९३७ च्या त्या आरोपास आम्ही स्वहस्ते पुरावा पुरविणे होय. म्हणून त्या शाळकरी वहीचे आम्हांस एवढे महत्त्व वाटते.

या बाबतीत अमेरिकेतील वहिवाट ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथील स्काऊटचा सर्वोच्च दर्जा 'ईगल' या नावाने ओळखला जातो. आर्थर एल्ड्रेड नावाच्या मुलाने तो १९१२ साली प्रथम मिळविला. आज त्याकरिता एकवीस कौशल्यचिन्हे मिळवावी लागतात, आणि वयाची अठरा वर्षे भरण्यापूर्वी लोकोपयोगी असे एक काम स्वतः योजून, इतरांस हाताशी धरून पार पाडावे लागते. शेवटी एक मंडळ मुलाची मुलाखत घेते, आणि त्या मंडळावर मुलाच्या आईबापांस बसता येत नाही, व त्यांनी तेथे हजर राहू नये अशीच अपेक्षा असते. बाप कितीही मोठा असो, त्याने दाराबाहेर थांबावे. परंतु पुढे गौरवसमारंभात एक हृद्य प्रथा आहे. मुलाच्या छातीवर पदक लागते, आणि मग मुलगा स्वतःच्या हाताने एक लहानशी पिन आपल्या आईच्या वस्त्रास लावतो. परीक्षेच्या वेळी आईबाप बाहेर, आणि मानाच्या वेळी मुलाच्या शेजारी, ही व्यवस्था आम्हांस फार शहाणपणाची वाटते. तेथे स्थायिक झालेल्या आमच्या मराठी बांधवांच्या मुलांपैकीही काहींनी हा मान मिळविला आहे.

अशा स्वावलंबी मुलांचे पुढे काय होते, त्याचे एक उदाहरण पॉल सिपल. १९२८ साली ॲडमिरल बर्ड यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेकरिता अमेरिकेतील स्काऊटांतून एक मुलगा निवडावयाचा होता. निवड सिपलची झाली. वय अवघे एकोणीस. पुढे तोच मुलगा त्या हिमप्रदेशाचा मान्यवर शास्त्रज्ञ झाला, आणि वारा व थंडी यांचा एकत्रित परिणाम मोजण्याची कल्पना त्याने जगास दिली. त्याच्या आईबापांनी एकोणीस वर्षांच्या मुलास पृथ्वीच्या टोकास जाऊ दिले. आमच्याकडे दोन रात्रींच्या शिबिरास पाठवावयाचे म्हटले, तरी थंडी, डास, आणि 'तेथे स्वयंपाक कोणाच्या हातचा?' हे प्रश्न पुढे येतात. यांतील पहिल्या दोहोंकरिता घोंगडी व मच्छरदाणी पुरते. तिसऱ्याकरिता एवढेच सांगतो, की शिबिरात स्वयंपाक त्या मुलाच्याच हातचा असतो. आणि त्याच्या शेजारी कोणत्या जातीचा मुलगा जेवावयास बसला आहे, ही चौकशी ज्या घरातून होते, त्या घराने राष्ट्रपतींच्या सहीचे प्रमाणपत्र भिंतीस टांगण्याचा खटाटोप करू नये.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे येणाऱ्या अभिनंदनाच्या मजकुरांत चिरंजीव असतात, कन्या क्वचित. वास्तविक आमच्या देशात गाईडची पहिली तुकडी १९११ सालीच जबलपूर येथे निघाली; १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही राष्ट्रीय संस्थेत सामील झाली; आणि राष्ट्रपती पुरस्कार मुलींसही तितक्याच कसोटीने मिळतो. अमेरिकेतील त्या ईगल दर्जाची वाटही २०१९ पासून मुलींस मोकळी झाली आहे. तरी मुलाच्या बिल्ल्याचे पेढे वाटावयाचे आणि मुलीच्या बिल्ल्यास 'आता पुरे झाले, अभ्यास बघ' म्हणावयाचे, हा पंक्तिप्रपंच कितीतरी सुशिक्षित घरांत चालतो. शिबिरात शिकलेले प्रथमोपचार बहीण करो की भाऊ, जखम सारखीच बांधली जाते.

तात्पर्य, पालकांनी काय करावे? मुलास शिबिरास खुशाल पाठवावे. परंतु त्याची पिशवी आपण भरून देऊ नये. एखादी वस्तू विसरला, तर तिच्यावाचून दोन दिवस कसे काढावे हे तो शिकेल. नोंदवही वाचावी, पण हाती लेखणी घेऊन वाचू नये. परत आल्यावर 'कितवा आलास?' असे न विचारता 'काय शिकलास? मला करून दाखव' असे म्हणावे, आणि त्याने दाखविलेली गाठ आपणही एकदा बांधून पाहावी; बहुधा ती सुटेल, आणि मुलास आपल्या बापास काही शिकविण्याचा आनंद मिळेल. स्काऊटमास्तर हे बहुतेक शाळांत शिकवणीचे काम सांभाळून, सुट्टीचे दिवस खर्चून हे काम करतात. समारंभाच्या दिवशी पहिला हार त्यांच्या गळ्यात पडावा. आणि पुरस्कार न मिळताच जो मुलगा मध्येच कोठे थांबला, त्याच्याही हातांत ती विद्या राहिलेलीच असते. त्यास हिणवू नये.

हा लेख लिहून होत असतानाच शेठजी पुन्हा आमच्या कचेरीत आले. या वेळी चिरंजीवही बरोबर होते. शेठजींनी नवा कागद आमच्यापुढे ठेविला. त्यात विशेषण एकही नव्हते. हमालाच्या जखमेची हकिकत होती, आणि आपण मुलास रागावलो हेही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. आम्ही तो वाचून चिरंजीवांकडे पाहिले. ते संकोचून म्हणाले, "काका, हे छापू नका. त्या मामांना बरे वाटणार नाही, त्यांना अजून आमच्याच दुकानी काम करावयाचे आहे. आणि वडिलांनी त्यांची क्षमा मागितली आहे, तेवढे पुरे."

आम्ही शेठजींकडे पाहिले. ते मान खाली घालून स्कार्फच्या टोकाशी चाळा करणाऱ्या मुलाकडे पाहत होते. त्यांनी कागद परत घेतला, फाडला, आणि तेथेच बसून एक ओळ लिहिली: मुलाचे नाव, शाळेचे नाव, स्काऊटमास्तरांचे नाव, आणि पुरस्कार मिळाल्याचे वर्ष. ती ओळ उद्याच्या अंकात योग्य जागी येईल. ही हकिकत मात्र नावगाव वगळून, पितापुत्र दोघांच्या व त्या हमालाच्याही अनुमतीने, आम्ही येथे दिली आहे.